टॅप कुठला, आणि टॅप कसा?

आपल्या सीमाभागात वस्तू हातात घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मराठी माणूस विचारतो, "कुठला हो?" आणि कानडी माणूस विचारतो, "यल्लीदरी इदु?" आंबा देवगडचा की धारवाडचा, करदंट गोकाकचा की अमीनगडचा, चप्पल कोल्हापूरची की अथणीची, हे कळल्याशिवाय पिशवीत काही पडत नाही. यात गंमत अशी की कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा ते एकट्या कोल्हापूरला मिळाले नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. म्हणजे अथणीत शिवलेली चप्पलही कायद्याने अस्सल कोल्हापुरीच. गावाचे नाव आणि मालाचा गुण यांचे नाते दिसते तेवढे सरळ नसते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार?

हाच "कुठला?" हा प्रश्न मला गेली अठरा वर्षे एका वेगळ्याच वस्तूबद्दल विचारावा लागतो. ती वस्तू म्हणजे टॅप. नळाची तोटी नव्हे हं! आटे पाडायचा टॅप. माझे माहेर खानापूर तालुक्यातले, शिक्षण बी. कॉम. सासर मूळचे बैलहोंगलकडचे, घरात कानडी. उद्यमबागेत आमचे छोटे वर्कशॉप आहे. मशीनवर आमचे हे आणि धाकटे भावोजी असतात, देखरेख मामंजींची, आणि हिशोब नि खरेदी माझ्याकडे. त्यामुळे लोखंडाच्या दुकानात पर्स घेऊन उभी राहणारी बाई म्हणून मला बाजारात बरेच जण ओळखतात!

आटे म्हणजे काय, टॅप म्हणजे काय

ज्या भगिनींना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाटलीच्या तोंडावर जी वळणदार नक्षी असते, जिच्यामुळे झाकण फिरवून घट्ट बसते, ते आटे. बोल्टवर आटे बाहेरून असतात, नटमध्ये आतून. शिलाई मशीन, मिक्सर, मोटारसायकल, शेतातला पंप, सगळे या आट्यांवर उभे असते. भोकाच्या आतून आटे कापण्याचे जे हत्यार, तो टॅप. दिसायला बोल्टसारखाच, पण अंगावर उभ्या खाचा असतात. या खाचांच्या कडा धातू कापतात आणि बुरा त्याच खाचांतून बाहेर पडतो.

हाताने वापरायच्या टॅपांचा सेट बहुधा तीन नगांचा असतो. पहिल्याचे तोंड बरेच निमुळते असते, त्यामुळे तो भोकात सरळ शिरतो. दुसऱ्याचे कमी निमुळते. तिसऱ्याचे जवळजवळ नाहीच. तो आंधळ्या भोकाच्या, म्हणजे आरपार नसलेल्या भोकाच्या तळापर्यंत आटे नेतो. जर्मन पद्धतीच्या सेटमध्ये पहिल्याच्या दांड्यावर एक वळे कोरलेले असते, दुसऱ्यावर दोन, आणि तिसऱ्यावर एकही नाही. या पद्धतीत तिघांची जाडीही थोडी वेगळी असते, म्हणून मधला टॅप गाळून चालत नाही. स्वयंपाकात फोडणी, वाफ आणि मंद आच यांचा जसा क्रम, तसाच हा.

एवढ्याशा टॅपावर काय अवलंबून असते

आमच्यासारख्या जॉबवर्क करणाऱ्यांचे अर्थशास्त्र समजून घेतले तर टॅपाची किंमत कळते. बिडाचे कास्टिंग गिऱ्हाइकाचे असते. ते आमच्याकडे येते तेव्हा त्याच्यावर फाउंड्रीचा, साच्याचा, कधी दुसऱ्या मशीनचाही खर्च झालेला असतो. आटे पाडणे हे बहुधा शेवटचे काम. आम्हाला मजुरी भोकामागे काही रुपयांची. समजा, कास्टिंग हजार रुपयांचे आहे आणि त्यात आठ भोके आहेत. सात भोके सुरेख झाली आणि आठव्यात टॅप मोडला, तर तो कडक पोलादाचा तुकडा भोकात असा रुततो की ड्रिलने निघत नाही. मग स्पार्क इरोजनच्या मशीनवर पाठवा, पैसे भरा, दिवस घालवा. नाही निघाला तर हजार रुपयांचे कास्टिंग भंगारात, आणि ती रक्कम आमच्या बिलातून वजा. शंभर रुपये वाचवायला घेतलेल्या टॅपाने अख्ख्या आठवड्याची कमाई खाल्ली, असे होऊ शकते.

मोडलेला टॅप निदान दिसतो तरी. त्याहून वाईट म्हणजे न दिसणारा दोष. टॅप किंचित जाड असला तर आटे सैल पडतात. बोल्ट लागतो, सगळे ठीक वाटते, माल जातो. महिन्याभराने गिऱ्हाइकाकडे पंप हादरून बोल्ट ढिला होतो आणि अख्खी लॉट परत येते. लहान वर्कशॉपचे नाव असल्या एका लॉटवर बुडते.

घरातला वाद

गेल्या वर्षी आमच्याकडे एका नव्या गिऱ्हाइकाचे काम आले. पंपाचे बिडाचे बॉडी कास्टिंग, प्रत्येकात एम ८ ची आठ भोके, त्यातली चार आंधळी. पहिली लॉट अडीचशे नगांची. ती पास झाली तर वर्षभर काम, नाहीतर राम राम. मजुरीचा दर फार नव्हता, त्यामुळे टॅप कोणता घ्यायचा यावर रात्री जेवताना वाद सुरू झाला.

मामंजींचे म्हणणे ठरलेले. "नोडवा, जर्मनी अंद्र जर्मनीन." जर्मनी म्हणजे जर्मनी, पुढे बोलायचे नाही. त्यांच्या खणात मेणकागदात गुंडाळलेला जुना जर्मन टॅप आहे, तो ते देवघरातल्या चांदीच्या वाटीसारखा जपतात. भावोजींचे म्हणणे, आता सगळे चीनमध्येच बनते, उगाच नावाला पैसे कशाला? आमचे हे मध्येच म्हणाले, "आपलं देशी काय वाईट आहे?" सासूबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारले, "अग्गद्द बेकेनु, गट्टीद बेकेनु, अद मोदल हेळ्री." स्वस्त हवे की मजबूत, ते आधी सांगा! वादाचे सार त्यांनी एका वाक्यात मांडले होते.

मी म्हटले, वादाने काय होणार? हातच्या कांकणाला आरसा कशाला? चार ठिकाणचे टॅप आणू, गिऱ्हाइकाने चाचणीसाठी दिलेल्या चार जादा कास्टिंगांवर चालवू आणि गेजने तपासू.

परीक्षेचा निकाल

पहिला टॅप एका फिरत्या विक्रेत्याने आणून दिला. डबी देखणी, वर काळ्या-तांबड्या-पिवळ्या पट्ट्या, नाव जर्मन वाटावे असे आणि खाली "जर्मन टेक्नॉलॉजी". डबी उलटसुलट करून पाहिली. कुठे बनला, कुणी आयात केला, काही नाही. टॅपाच्या दांड्यावर फक्त एम ८ आणि "एचएस". एचएसएस म्हणजे हाय स्पीड स्टील. त्यातला शेवटचा "एस" इतक्या सोयीने गळलेला पाहून मला शंका आली. भावोजींनी दांड्याचे टोक ग्राइंडरला टेकवले. ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. अस्सल हाय स्पीड स्टीलच्या ठिणग्या मंद, लालसर नि विरळ असतात, त्या अशा फुटत नाहीत. म्हणजे हे साधे कार्बन पोलाद. टॅप त्याच दिवशी परत केला, पैसे दिलेच नव्हते.

दुसरा मामंजींचा जर्मन टॅप. वस्तू एक नंबर, यात शंका नाही. धार अजून ताजी. पण त्याच्या खाचा सरळ नव्हत्या, मळसूत्रासारख्या वळलेल्या होत्या. अशा वळणदार खाचा पोलादातल्या आंधळ्या भोकासाठी असतात, तिथला लांब बुरा त्या वर खेचून काढतात. बिडाचा बुरा लांब नसतो, त्याची पूड होते. तिथे सरळ खाचांचा टॅप हवा. म्हणजे टॅप उत्तम, पण काम त्याचे नव्हे. पैठणी कितीही भारी असली तरी ती नेसून शेतात कोण जाते?

तिसरा चिनी. याने आम्हाला थोडे चकित केले. डबीवर स्वच्छ "मेड इन चायना", आयातदाराचे नाव-पत्ता, टॅपावर माप, आट्यांचे अंतर, एचएसएस, ६ एच, सगळे नीट. ठिणगी बरोबर. भोक पाडले, गेज लावला, पास! भावोजींची कॉलर ताठ झाली. पण एकाच नगावर निकाल कसा द्यायचा? म्हणून त्याच दुकानातून त्याच नावाचे आणखी दोन नग आणले. त्यातल्या एकाने पाडलेले आटे सैल निघाले. तीन टॅप, नाव एक, आणि गुण दोन तऱ्हेचे.

चौथा आपला देशी, नावाजलेल्या कारखान्याचा, सरळ खाचांचा, ग्राइंडिंग करून आटे केलेला. किंमत जर्मन आणि चिनी यांच्या मधली. तीन नग आणले, तिन्हींचे आटे सारखे. अडीचशेच्या अडीचशे कास्टिंगांवर तेच टॅप चालवले, धार उतरायच्या आत बदलत गेलो. लॉट पास झाली. त्या गिऱ्हाइकाचे काम आजही आमच्याकडे आहे.

या परीक्षेतून मला जी गोष्ट कळली ती देशाच्या नावापेक्षा मोठी वाटते. दर्जा म्हणजे एक टॅप चांगला निघणे नव्हे. पन्नासावा टॅप पहिल्यासारखाच निघणे म्हणजे दर्जा. एक पुरणपोळी कुणालाही जमते. लग्नघरातल्या दोनशे पोळ्या एकसारख्या करते ती सुगरण.

"मेड इन" ची जन्मकथा

वाचकहो, "मेड इन जर्मनी" हे शब्द आज बिरुदासारखे वाटतात, पण त्यांचा जन्म बदनामीसाठी झाला हे वाचून आश्चर्य वाटेल. एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या शेफील्ड गावच्या सुऱ्या-कात्र्यांचे मोठे नाव होते. जर्मनीत झोलिंगेनसारख्या गावी बनलेल्या स्वस्त मालावर शेफील्डचे नाव ठोकून तो विकला जात असे. तो ओळखू यावा म्हणून १८८७ साली ब्रिटनने कायदा केला, आणि परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालण्याची पाळी आली. त्याआधी, १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात फ्रान्झ रूलो या जर्मन प्राध्यापकानेच आपल्या देशाचा माल स्वस्त आणि वाईट असल्याचा जाहीर कबुलीजबाब दिला होता. पुढे जर्मन कारखानदारांनी माल इतका सुधारला की काही वर्षांत तोच शिक्का गुणवत्तेची खूण बनला.

जपानची कथाही अशीच. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी माल म्हणजे स्वस्त खेळणी अशी समजूत होती. १९५० साली डेमिंग या अमेरिकन तज्ज्ञाने तिथल्या कारखानदारांना मोजमापातून दर्जा कसा राखावा हे शिकवले आणि १९५१ पासून त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू झाले. आज ओएसजी किंवा यामावा या जपानी टॅपांचे नाव जगभरचे टर्नर-फिटर आदराने घेतात. म्हणून चीनच्या मालाला सरसकट नाके मुरडताना मला थोडा विचार करावासा वाटतो. चीनमध्ये उत्तम टॅप बनतात आणि टाकाऊही बनतात. कोणत्या कारखान्याने कोणत्या भावाला बनवले, हा खरा प्रश्न. नावडतीचे मीठ अळणी, असे खरेदीत करून चालत नाही.

शिवाय "कुठला?" या प्रश्नाचे उत्तर आता एका गावात सापडतही नाही. हाय स्पीड स्टीलच्या सर्वांत प्रचलित जातीत सुमारे ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम आणि २ टक्के व्हॅनेडियम असते. जगातल्या टंगस्टनचा सर्वांत मोठा वाटा चीनच्या खाणींतून येतो. म्हणजे जर्मन टॅपाच्या पोटातही चिनी टंगस्टन असू शकते. पोलाद एका देशात ओतले, आटे दुसऱ्या देशात कापले, डबी तिसऱ्या देशात भरली, असेही होते. आपल्या चपलेसारखेच: कातडे एका गावचे, शिवण दुसऱ्या गावची आणि नाव तिसऱ्या गावचे.

आपल्या मातीतला धागा

या विषयात आपला भाग काही परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले ते याच बेळगावात. पुढे कडबा कापायची यंत्रे आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली, असे सांगतात. १९१० साली कारखाना औंध संस्थानात गेला आणि किर्लोस्करवाडी वसली. म्हणजे "देशी यंत्र कसले टिकणार?" हा संशय आपल्या गावाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिला आहे आणि तो खोटा ठरलेलाही पाहिला आहे.

दुसरा धागा गोकाकचा. गोकाकच्या धबधब्याजवळची सूतगिरणी सगळ्यांना माहीत आहे. पण "टोटेम" नावाचे देशी टॅप बनवणाऱ्या कंपनीचे नाव काही वर्षे "फोर्ब्स गोकाक" होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. टॅप गोकाकात बनत नव्हते, ते मराठवाड्यात, वाळूजच्या बाजूला. पण मला गंमत वाटते ती शब्दांची. इंग्रजीत धागा आणि आटे यांना एकच शब्द आहे, थ्रेड. आणि एका काळी एकाच कंपनीच्या छत्राखाली गोकाकात सुताचा धागा निघत होता आणि दुसरीकडे लोखंडातला धागा कापणारे टॅप! मद्रासची ॲडिसन ही तर १८७३ साली सुरू झालेली पेढी, आजही टॅप-ड्रिलसाठी ओळखली जाते. मुंबईची इंडियन टूल मॅन्युफॅक्चरर्सही स्वातंत्र्यापूर्वीची. देशी हत्यारांची परंपरा आजकालची नाही.

सूत, इंच आणि मिलिमीटर

आपल्याकडचे जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच. मळसूत्र या शब्दातही सूतच आहे. पण टॅप घेताना या सुतानेच घोटाळा होतो. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. एम ८ म्हणजे ८ मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखे. पण एम ८ च्या दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर असते, तर ५/१६ च्या जुन्या विलायती पद्धतीत इंचात १८ आटे, म्हणजे अंतर सुमारे १.४१ मिलिमीटर. बोल्ट दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. जोर लावला की आटे गेलेच.

ही विलायती पद्धत जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली मांडली. तिच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. मेट्रिक आणि अमेरिकन पद्धतीचा ६० अंशांचा. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थमध्ये इंचात १२ आटे, अमेरिकन जाड आट्यांत १३. आपल्या देशात मेट्रिक मापाचा कायदा १९५६ साली झाला, पण जुने लेथ, ऑइल इंजिने आणि विहिरीवरचे पंप अजून इंचाचेच आहेत. म्हणून दुकानात जाताना जुना बोल्ट सोबत न्यावा आणि आटे मोजायची पट्ट्यांची गेज लावून खात्री करावी. सुताची भाषा बोलायला गोड आहे, पण टॅप घेताना आटे मोजावेत.

दुकानात काय बघावे

आता खरेदीच्या कामाच्या गोष्टी सांगते. कात्रण करून वर्कशॉपच्या भिंतीवर लावले तरी चालेल.

१. दांड्यावरची अक्षरे वाचा. माप, आट्यांचे अंतर, पोलादाची जात (एचएसएस, किंवा कोबाल्ट असलेले एचएसएस-ई), मापाची सूट (नेहमीच्या कामाला ६ एच) आणि बनवणाऱ्याची खूण. यांतले जितके कमी, तितकी शंका जास्त. अक्षरे स्वच्छ कोरलेली हवीत, नखाने निघणारी नकोत.

२. आट्यांच्या अंगावर उजेड पाडून भिंगातून बघा. ग्राइंडिंग केलेल्या आट्यांचे अंग एकसारखे चकचकीत असते. नुसत्या कापलेल्या आट्यांवर ओरखडे आणि फाटल्यासारख्या खुणा दिसतात. नेमक्या कामाला ग्राइंडिंगचेच घ्या. शेतावर गंजलेले आटे साफ करायला साधा चालतो.

३. काचेवर टॅप लोळवा. वाकडा असेल तर डुगडुगतो.

४. धारेच्या भागावर बारीक कानस हलकेच फिरवा. कानस घसरली पाहिजे, चावता कामा नये. पण एवढ्याने जात कळत नाही, कारण नवे कार्बन पोलादही कडक असते. फरक पडतो तो तापल्यावर. कार्बन पोलाद दोन-अडीचशे अंशांच्या पुढे नरम पडू लागते, हाय स्पीड स्टील पाचशेच्या वरही कडकपणा टिकवते. जात ओळखायला दांड्याच्या टोकाची ठिणगी बघा, पण दुकानदाराला विचारून!

५. काम सांगून टॅप मागा. बीड असेल तर सरळ खाचांचा. पोलादात आरपार भोक असेल तर बुरा पुढे ढकलणारा टोकदार, आंधळे भोक असेल तर वळणदार खाचांचा.

६. डबी वाचा. किरकोळ विक्रीच्या बंद पाकिटावर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि माल परदेशी असेल तर मूळ देश छापला पाहिजे, असा वजन-मापाच्या कायद्याचा नियम आहे. ऑनलाइन विकणाऱ्यांनाही ही माहिती द्यावी लागते. "जर्मन टेक्नॉलॉजी", "जपान क्वालिटी" ही देशाची नावे नव्हेत, ही नुसती विशेषणे आहेत. ज्याने देशाचे नाव लपवले त्याच्याकडे आणखी काय लपवायचे आहे, हा विचार करावा. उलट, स्वच्छ "मेड इन चायना" छापणारा निदान खरे बोलतो.

७. पक्के बिल घ्या. माल परत करायची वेळ आली तर कागदच बोलतो. आधी दोन-तीन नग घ्या, चालवून बघा, मगच डझन.

आणि टॅप कितीही चांगला असला तरी भोक चुकीचे असेल तर तो मोडणारच. सोपा नियम असा की मापातून आट्यांचे अंतर वजा करा. एम ६ ला ५, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५, एम १२ ला १०.२ मिलिमीटरचे ड्रिल. भोक लहान ठेवले तर आटे फारसे मजबूत होत नाहीत, टॅपावर जोर मात्र भलताच येतो. पोलादाला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेलही चालते, बीड कोरडेही कापले जाते. हाताने फिरवताना अर्धा-एक फेरा पुढे, मग पाव फेरा मागे, म्हणजे बुरा तुटतो. शेवटी गेज लावा: "गो" बाजू पूर्ण गेली पाहिजे आणि "नो-गो" दोन फेऱ्यांच्या वर जाता कामा नये.

कुठला, की कुणाचा?

मामंजींनी वाद हरल्याचे कबूल केले नाही, आणि मी विचारलेही नाही. पण लॉट पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी टॅपांच्या खणांवर त्यांच्या अक्षरात नव्या चिठ्ठ्या दिसल्या. पूर्वी खणांवर "जर्मनी", "जपान", "लोकल" असे लिहिलेले असायचे. आता लिहिले आहे "बीड, एम ८, सरळ", "पोलाद, आंधळे", "शेतकी दुरुस्ती". काही कानडीत, काही मराठीत. जर्मन टॅप अजून मेणकागदातच आहे, पण त्याच्या चिठ्ठीवर आता देश नाही, काम आहे.

तरुण मुले नव्याने वर्कशॉप काढतात तेव्हा मला विचारतात, "वहिनी, कुठला टॅप घेऊ?" मी सांगते, देशाचे नाव जरूर वाचा, ते उपयोगी असते. ज्या देशात चांगले कारखाने जास्त, तिथला माल चांगला निघण्याची शक्यता जास्त. पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे. खात्री मिळते ती दांड्यावरच्या अक्षरांतून, ठिणगीतून, गेजमधून आणि दहाव्या नगातून. एका वहीत टॅपाचे नाव, दुकान, तारीख आणि किती भोके पाडली ते लिहीत जा. वर्षभराने ती वही तुम्हाला कुठल्याही विक्रेत्यापेक्षा नेमके सांगेल की पैसे कुठे लावावेत. सोने घेताना आपण हॉलमार्क बघतो, वजन करून घेतो, पावती जपून ठेवतो. लोखंडाच्या दुकानातही तेवढीच नजर ठेवायला काय हरकत आहे? आपल्या कितीतरी घरांची चूल या लोखंडावरच तर पेटते.